‘पारंपरिक’ लिहिण्याआधी

अभंगांचा अल्बम काढायला निघालेल्या एका गायक मित्राने मला गाण्यांची यादी पाठवली होती. आठ गाणी. प्रत्येकापुढे दोन रकाने, शब्द आणि चाल. शब्दांच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘संतरचना’ आणि चालीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘पारंपरिक’. तिसरं गाणं ‘इंद्रायणी काठी’ होतं. मी फोन करून विचारलं, “हे कुठल्या संताचं रे?” तो म्हणाला, “तुकोबांचं असेल, नाहीतर नामदेवांचं. बघून सांगतो.”

ते गाणं ग. दि. माडगूळकरांचं आहे. चाल पु. ल. देशपांड्यांची, चित्रपट ‘गुळाचा गणपती’, साल १९५३, गायक भीमसेन जोशी. गाण्याला अभंगाचा घाट इतका सहज आला आहे आणि भीमसेनांनी ते इतक्या तल्लीनतेने गायलं आहे, की ऐकणारा त्याला संतवाणीतच जमा करतो. माडगूळकरांना याहून मोठी दाद कोणती मिळणार? पण कानाने केलेली ही चूक अल्बमच्या कव्हरवर छापली गेली की कवीचं नाव पुसलं जातं, आणि नावाबरोबर त्याच्या घरच्यांचा हक्कही.

आपल्या कायद्याप्रमाणे शब्दांवरचा आणि चालीवरचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे शब्दांची मुदत २०३७ अखेरपर्यंत. पुलं २००० साली गेले, म्हणजे चालीची २०६० अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हिशोब निराळा. तो प्रकाशनाच्या सालापासून ६० वर्षं धरतात, त्यामुळे १९५३ साली बाहेर आलेल्या मुद्रणाची मुदत २०१३ बरोबरच सरली. एकाच गाण्यात अशी तीन वयं नांदतात. जुनं मुद्रण मोकळं झालं म्हणून कुणी गाणंच मोकळं समजायला जाईल तर फसेल, कारण त्या मुद्रणाच्या पोटात अजून कॉपीराइटमध्ये असलेली कविता आणि चाल आहे. शिवाय चित्रपटातल्या जुन्या गाण्याचे हक्क पुष्कळदा कवीकडे किंवा संगीतकाराकडे नसून निर्मात्याकडे, किंवा निर्मात्याने ज्या कंपनीला दिले तिच्याकडे असतात. परवानगी कुणाकडे मागायची, हे शोधण्यापासूनच काम सुरू होतं.

हे सगळं ऐकल्यावर मित्र कळवळून म्हणाला, “अरे, मी काय चोरी करतोय का? भक्तीनेच गातोय ना?”

त्याच्या या प्रश्नासाठी हा लेख. तो चोर नाही, आणि मराठी संगीतात दुसऱ्याचं काम न विचारता वापरणारे बहुतेक लोक चोर नसतात. ते त्या गाण्यावर मनापासून प्रेम करणारे असतात. गाणं लहानपणापासून ऐकलेलं, आईने म्हटलेलं, देवळात टाळांवर घोळलेलं असतं, म्हणून ते सगळ्यांचंच आहे असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं असं की ‘सगळ्यांचं’ आणि ‘कुणाचंच नाही’ या दोन गोष्टी आपण एक करून टाकल्या आहेत, आणि हा घोळ आपल्या परंपरेने केलेला नाही. आपण केला आहे.

परंपरेला कर्त्याच्या नावाची फिकीर नव्हती, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. अभंगाचं शेवटचं चरण पाहा. नामदेव, एकनाथ, चोखोबा, जनाबाई, तुकोबा, प्रत्येकाची नाममुद्रा तिथे असते. एकनाथ तर आपल्या नावाला गुरूचं नाव जोडूनच सही करतात. मुद्रणकला नव्हती, कायदा नव्हता, तरी रचना तोंडातोंडी शेकडो मैल गेली तर नाव तिच्याबरोबर जावं अशी ही सोय. आणि ती मोडणारेही होतेच. तुकोबांच्या काळात सालोमालो नावाचा कीर्तनकार त्यांचे अभंग आपल्या नावावर खपवत असे, आणि तुकोबांनी त्याचा समाचार गाथेतल्या अभंगांतून घेतला आहे. ज्याने सगळा संसार पांडुरंगावर सोडला, त्या माणसालाही आपल्या शब्दांवर दुसऱ्याची मुद्रा बसलेली सोसली नाही. संतांना कॉपीराइट कसला, असं म्हणणाऱ्यांनी सालोमालोवरचे ते अभंग काढून वाचावेत.

ख्यालातही तेच. बंदिशीच्या अंतऱ्यात ‘सदारंग’ येतो, ‘अदारंग’ येतो, आग्र्याच्या फैयाज खाँसाहेबांचा ‘प्रेमपिया’ येतो, जगन्नाथबुवा पुरोहितांचा ‘गुणीदास’ येतो. भातखंड्यांसारखा संग्राहक आपल्या बंदिशींत ‘चतुर’ म्हणून सही करतो. बंदिश गाणारा प्रत्येक जण त्या माणसाचं नाव गातोच. हे श्रेय टाळता येणार नाही असं गाण्यातच विणून ठेवलेलं आहे.

गोची चालीच्या बाबतीत होते, कारण चालीत नाव ओवता येत नाही. इथे कायद्यानेही आपल्याला बराच काळ हात दिला नाही. १९५७ च्या कायद्यात ‘संगीतकृती’ची जी व्याख्या होती, तिच्यात स्वररचना छापलेली किंवा लिहून काढलेली असणं अपेक्षित होतं. युरोपातल्या संगीताला, जिथे रचनाकार कागदावर स्वर मांडतो, ही व्याख्या ठीक होती. आपल्याकडे संगीतकार पेटीवर बसतो, गायकाला समोर बसवून चाल सांगतो, आणि ती चाल गळ्यातून गळ्यात जाते. १९९४ च्या दुरुस्तीने ती अट गेली. नोटेशन असो वा नसो, संगीत ते संगीत, असं कायद्याने मान्य केलं. पण चाल कुणी बांधली याचा पुरावा हवाच, आणि तो ठेवण्याची सवय आपल्याला आजही नाही.

हा पुरावा नसणं किती महागात पडतं ते अलीकडेच दिसलं. ‘पोन्नियिन सेल्वन’ या तमिळ चित्रपटाच्या दुसऱ्या भागातलं एक गाणं डागर घराण्याच्या ‘शिवस्तुती’वरून घेतलं आहे, असं सांगत उस्ताद वासिफुद्दीन डागर ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी अंतरिम आदेशात डागरबंधूंना श्रेय द्यायला आणि २ कोटी रुपये न्यायालयात भरायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला. खंडपीठाचा मुख्य मुद्दा असा की एखाद्याने रचना गायली, तिच्या मुद्रणावर गायक म्हणून त्याचं नाव आहे, एवढ्यावरून ती त्याने बांधली असं ठरत नाही. दोन्ही बाजूंचा आदर राखून मला यातून एकच गोष्ट दिसते. ध्रुपदाचं इतकं थोर घराणं, आणि प्रश्न येऊन अडला तो ही चाल बांधली कुणी या साध्या नोंदीवर.

आता मित्राच्या यादीकडे परत येतो, कारण बाकीच्या गाण्यांतही खाचखळगे कमी नव्हते. त्यात तुकोबांचा एक अभंग होता. शब्द तीनशेहून अधिक वर्षं जुने, त्यांना परवानगी नको. पण मित्राने धरलेली चाल श्रीनिवास खळ्यांची होती, लताबाईंच्या ‘अभंग तुकयाचे’मधली. खळे २०११ साली गेले. ती चाल २०७१ अखेरपर्यंत कॉपीराइटमध्ये आहे. चाल भजनी मंडळात रुळली म्हणून पारंपरिक होत नाही. त्या चालीवर देवळात भजन म्हणायला कायद्याची आडकाठी नाही, कारण धार्मिक कार्यातल्या गायनाला मुभा आहे. ती मुभा स्टुडिओच्या दारापर्यंतच येते. मुद्रण केलं, ते विकलं किंवा मोबाइलवर ऐकायला ठेवलं, की खेळ बदलतो.

एक भजन राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं होतं. संत म्हटलं की आपण मनातल्या मनात तीनशे वर्षं मागे जातो, पण महाराज १९६८ साली गेले, आणि त्यांच्या रचनांची मुदत २०२८ अखेरपर्यंत आहे. सावरकर १९६६ साली गेले, त्यांच्या कवितांची २०२६ अखेरपर्यंत. बहिणाबाईंची गोष्ट आणखी वेगळी. त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली छापली गेली. कर्ता गेल्यावर प्रथम प्रकाशित झालेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती गाणी २०१२ अखेर मोकळी झाली. आज कुणी बहिणाबाईंच्या ओव्यांना स्वतःची नवी चाल लावून अल्बम काढला तर शब्दांसाठी कुणाची परवानगी नको. चित्रपटातली किंवा जुन्या रेकॉर्डमधली चाल उचलली तर हवी.

भा. रा. तांब्यांचं उदाहरण मला फार आवडतं. पूर्वी ही मुदत मृत्यूनंतर ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, म्हणजे त्यांचं सगळं साहित्य १९९१ अखेर मोकळं होणार होतं. ते व्हायच्या तोंडावर मुदत १० वर्षांनी वाढली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती सगळ्यांसाठी ६० वर्षं झाली. आपले तांबेही १९४१ सालीच गेले, डिसेंबरमध्ये. बंगालच्या कवीसाठी वाढलेल्या मुदतीत मराठीच्या या राजकवीच्या कवितांनाही दहा वर्षं मिळाली. आता त्या मोकळ्या आहेत. हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना लावलेल्या चाली मात्र मोकळ्या नाहीत.

नाट्यसंगीताचा अल्बम करणाऱ्यांनीही हाच गुणाकार-भागाकार करावा. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ चं. खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. दोन्ही मुदती सरल्या. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं, शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, चाली मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींच्या. अभिषेकीबुवा १९९८ साली गेले, दारव्हेकर त्यानंतरच्या वर्षी. एकाच मैफलीत पाठोपाठ गायली जाणारी ही पदं कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या जगांत राहतात.

मग काय, जुनं गाणं पुन्हा गायचंच नाही का? तसं नाही. कायद्यात कव्हर व्हर्जनची वाट आहे, कलम ३१ सी. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जाऊ द्यायची. हक्कधारकाला आधी रीतसर सूचना द्यायची, कव्हर किंवा लेबल दाखवायचं, रॉयल्टी आगाऊ भरायची. रचनेत मनाचे बदल करायचे नाहीत. कव्हरवर मूळ गायकाचं नाव किंवा चेहरा वापरून ऐकणाऱ्याची दिशाभूल करायची नाही, आणि हे कव्हर व्हर्जन आहे असं स्पष्ट लिहायचं. १९८० च्या दशकात लताबाईंची, रफींची, किशोरकुमारांची गाणी नवख्या आवाजांत मुद्रित करून कॅसेटी खपवण्याचा मोठा धंदा झाला होता. २०१२ च्या दुरुस्तीआधी ही मुदत दोनच वर्षांची होती. आजच्या कडक अटी त्या अनुभवातून आल्या आहेत, आणि मला त्या बहुतांशी योग्य वाटतात.

एक अट मात्र जाचते. या कलमाखाली दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. हिंदी चित्रगीतांच्या बाजारासाठी हा आकडा असेल. नाशिकच्या किंवा मडगावच्या एखाद्या गायिकेने पदरमोड करून काढलेल्या भावगीतांच्या अल्बमला तो झेपणारा नाही. कायदा करणाऱ्यांनाही हे सुचलं होतं, म्हणूनच त्याच कलमात एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या कृतींचा संभाव्य खप पाहून हा आकडा कमी ठरवता येईल, अशी तरतूद आहे. मराठी, कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी यांच्यासाठी ती वापरली जावी, हा आग्रह आपल्या साहित्य-संगीत संस्थांनी धरायला हवा. संमेलनात अभिजात दर्जावर ठराव झाले, तसा एक यावरही व्हावा.

आता गळ्याच्या आणि हातांच्या हक्काकडे येतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथे झाला आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी गायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला, रफींना तो पटला नाही, आणि दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं. ती केवळ दोन कलावंतांची नाराजी नव्हती, गायकाला कायद्यात जागाच नव्हती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांवरच्या हक्काचा निकाल दिला तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात हीच खंत मांडली, की गाण्याला ज्याने जिवंत केलं तो गायकच कायद्याच्या रक्षणाबाहेर आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचा हक्क पहिल्यांदा मान्य झाला. तो आता ५० वर्षांचा आहे, आणि २०१२ पासून व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा वाटा आणि नावाचा मानही त्यात आहे. लक्षात घ्यायची गोष्ट ही की कायद्याचा ‘कलावंत’ म्हणजे फक्त गायक नव्हे. पखवाज वाजवणारा, बासरीवाला, टाळ धरणारा, हे सगळे त्यात येतात. आपण त्यांना दिवसाचं मानधन पाकिटात घालून देतो आणि कव्हरवर ‘साथसंगत’ लिहून मोकळे होतो. कधी तेही लिहीत नाही.

गीतकारांसाठी आणि संगीतकारांसाठीही २०१२ ची दुरुस्ती मोठी आहे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिची बाजू तळमळीने मांडली होती. तिने ठरवलं की कवी आणि संगीतकार आपला हक्क कुणालाही देवोत, रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्यांना सोडून देता येणार नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. पूर्वी एकरकमी पैसे घेऊन कवी सही करायचा आणि गाणं चाळीस वर्षं वाजलं तरी त्याच्या घरी काही यायचं नाही. आज तसा करार लिहिला तरी त्याचा तो भाग टिकत नाही. आयपीआरएस ही सोसायटी अशा वसुलीसाठीच आहे. मराठी कवींनी तिचं सभासद व्हावं, हे मी भेटेल त्याला सांगत असतो.

पण कायदा तुमच्या बाजूने असूनही कागद नसेल तर काय उपयोग? आपल्याकडे अल्बम चहाच्या टपरीवर ठरतो. “घरचंच आहे, तू फक्त चाल लाव” म्हणून संगीतकाराला बोलावलं जातं, “नंतर बघू” म्हणून कवीला थांबवलं जातं, आणि दोघेही संकोचाने गप्प राहतात, कारण मैत्रीत कागद मागणं आपल्याला अपमान वाटतो. माझ्यावरही ही वेळ आली आहे. माझ्या दोन कविता एका ध्वनिमुद्रणात गेल्या. कागद नव्हता, आणि पुढे त्या कुठे-कुठे वाजल्या ते मला इतरांकडून कळलं. दोष त्या निर्मात्याचा जितका, तितकाच माझ्या संकोचाचा. कायदा म्हणतो, हक्काचं हस्तांतरण लेखीच हवं, सही हवी, कोणती कृती, कोणता हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती रॉयल्टी हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेलं माध्यम स्पष्ट लिहिलं नसेल तर ते करारात येत नाही. आणि रचना नोंदवली नाही म्हणून हक्क जातो हाही गैरसमज. हक्क रचनेबरोबर जन्माला येतो, नोंदणी हा फक्त पुरावा.

निर्मात्याची बाजूही मला ठाऊक आहे. ध्वनिमुद्रणाचा मालक कायद्याप्रमाणे तोच, कारण पैसा आणि जोखीम त्याची. कवीच्या वारसांचा पत्ता लागत नाही, पत्राला उत्तर येत नाही, तिघा भावंडांत कुणाची सही घ्यायची ते कळत नाही. या अडचणी खऱ्या आहेत, आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हा काळ मला स्वतःला लांब वाटतो. मालकच सापडत नसेल तर वर्तमानपत्रात सूचना देऊन परवाना मागण्याची सोय कायद्यात आहे, पण एका गाण्यासाठी ती वाट कोण तुडवणार? तरीही यातून ‘न विचारता वापरा’ हे उत्तर निघत नाही. निघतं ते एवढंच, की गाणी निवडतानाच चौकशी करावी, स्टुडिओचं भाडं भरल्यावर नाही.

हे सगळं मला वामनदादा कर्डकांमुळे अधिक टोचतं. वामनदादा २००४ साली गेले. त्यांची गाणी वस्त्यावस्त्यांत, जयंतीच्या मिरवणुकांत, लग्नांत गायली जातात, आणि गाणारा गाणं आपलंच समजून गातो. लोककवीला हेच हवं असतं. पण त्याच गाण्याचा अल्बम निघाला आणि कव्हरवर ‘लोकगीत’ छापलं गेलं, तर ज्याने आयुष्य फिरतीवर काढून, लोकांच्या दारात उभं राहून ही गाणी दिली, त्याचं नाव आपणच लोकांतून काढून टाकतो. लोकांनी दिलेलं मोठेपण आणि नाव पुसणं यांत फरक करायला कायद्याचं कलम लागू नये.

मित्राने यादी पुन्हा लिहिली. चालीच्या रकान्यात आता दोनच ठिकाणी ‘पारंपरिक’ आहे, आणि तिथेही ती चाल कुणाकडून ऐकली ते कंसात लिहिलं आहे. तीन चाली त्याने स्वतः नव्याने बांधायला घेतल्या. दोन गाणी परवानगीअभावी सोडली, एकाचं पत्र पाठवून उत्तराची वाट पाहतो आहे.

कायद्याने ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव आणि प्रकाशनाचं साल छापायला सांगितलं आहे. आपण त्याखाली कवी, संगीतकार, संगीत संयोजक आणि प्रत्येक वादक यांची नावं छापू या, मोबाइलवर गाणं चढवतानाही ती त्या-त्या रकान्यात भरू या. आणि तुमच्या घरात कुणी गेलेला कवी, शाहीर किंवा संगीतकार असेल, तर त्याच्या वह्या, पत्रं, जुने करार रद्दीत देऊ नका. ती चाल कुणाची, हे सांगणारा तेवढाच कागद शिल्लक असू शकतो.